जाळीवरचं फडकं

इकडे ये अशी. दारात उभी राहून काय बोलते, पंख्याखाली बस, माझ्याजवळ. आणि तो फोन पालथा ठेव. ठेव म्हणते ना. काल पाहुण्यांसमोर काय म्हणाली तू? "हमारी आजी तो अस्पताल में बर्तन उबालती थीं." सगळे हसले, मीही हसली. पण पोट्टे, भांडी उकळायला इस्पितळवाले एवढी वर्षं पगार देतात का कोणाले? कॉलेजात शिकून राहिली, आणि घरातल्या म्हातारीनं जन्मभर काय केलं ते तुले माहीत नाही. तुझाही दोष नाही म्हणा, मीच कधी सांगितलं नाही. आता सांगते. माझ्या शहाणपणाचं सांगायला बसली तर तू पाच मिनिटांत उठून जाशील, म्हणून माझ्या चुकीचं सांगते.

छत्तीसगड वेगळं झालं आणि आपलं रायपूर राजधानी झालं, त्याच्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली ही गोष्ट. भोपाळहून साहेब लोक बिऱ्हाडं घेऊन येत होते. जिकडे पाहावं तिकडे रस्ता खणलेला. तेलीबांध्याच्या घाण मारणाऱ्या तलावाच्या बाजूनं जाणारी माणसं नाकाला रुमाल बांधूनच जायची. गावात माणसं वाढली तशी दुखणीही वाढली, आणि मी होती त्या इस्पितळात ऑपरेशनची यादी सकाळी जी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत संपायची नाही.

मी तिथं आया म्हणून लागली होती. शिक्षण नववी नापास. बाप रेल्वेत गँगवर होता, त्याच्या बदल्यांमागं फिरता फिरता शाळा सुटली. पण मशीनच्या खोलीतली जुनी बाई सोडून गेली आणि मोठ्या सिस्टरनं मला म्हटलं, "दीदी, तुम्हारा हाथ साफ है, तुम सीखो." मोठी सिस्टर केरळची. हिंदी अशी बोलायची की तिच्या रागाचंही हसू यायचं, पण हसायची हिंमत कोणाची नव्हती. नागपूरहून मशीनवाला मिस्त्री यायचा, त्याच्या मागं उभी राहून राहून मी शिकली. त्याला चहा नेऊन द्यायची आणि एक प्रश्न विचारायची. एका चहाला एक प्रश्न. असे पुष्कळ चहा पाजले मी त्याला.

मशीन म्हणजे ऑटोक्लेव्ह. आडवं ठेवलेलं पोलादी पिंप समज, प्रेशर कुकरचा आजोबा. पण त्याच्याआधी हत्यारांचं काम. ऑपरेशन झालं की चिमटे, कात्र्या सगळं रक्तासकट यायचं. रक्त वाळू द्यायचं नाही, लगेच पाण्यात. मग ब्रशनं घासायचं. कात्रीत मळ साठायचं खरं ठिकाण म्हणजे तिचं बिजागर, तिथं बारीक ब्रश घालायचा. धुऊन, कोरडं करून, एकेक उजेडात धरून पाहायचं. कात्रीनं गॉजचा तुकडा कापून पाहायचा. टोकाशी अडखळली तर ती बाजूला. चिमटे उघडे ठेवायचे, मिटलेले नाही, कारण मिटलेल्या जागी वाफ पोचत नाही. मग ट्रेमध्ये मोजून लावायचे आणि दुहेरी कपड्यात असे बांधायचे की उघडणाऱ्याचा हात आतल्या वस्तूला लागलाच नाही पाहिजे. वरून ती चिकटपट्टी, जिच्यावरच्या रेघा गरमीनं काळ्या होतात. आत एक कागदाची पट्टी. बाहेरची काळी झाली म्हणजे मशीनमधून जाऊन आलं एवढंच. वाफ आतपर्यंत पोचली का, ते खरं बोलते ती आतली पट्टी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गठ्ठे कोरडे निघाले पाहिजेत. ओला गठ्ठा म्हणजे गेला. ओल्या कपड्यातून बाहेरचे जंतू आत शिरतात. मिस्त्री म्हणायचा, "ओला निघाला की समजा केलाच नाही, पहिल्यापासून करा." वाफ वरून येते. आतली थंड हवा जड, ती खाली बसते आणि तळाच्या भोकातून बाहेर जाते, वाफेचं पाणीही तिथूनच जातं. त्या भोकावर पितळेची जाळी असायची, कपड्याचे तुसे अडकायला. ती काढून धुणं माझं रोजचं काम. हे ध्यानात ठेव.

तर काम वाढलं आणि सिस्टरनं माझ्या हाताखाली एक बाई दिली. पस्तिशीच्या आसपासची, बूढ़ापाऱ्यात राहणारी, आपल्यासारखीच विदर्भाकडची, पण त्यांच्या घरचं सगळं सोवळ्याओवळ्याचं. नवरा कचेरीत कारकून होता, तो वर्षापूर्वी वारला होता. एक मुलगी शाळेत. तिथल्या तलावामागच्या गल्लीत, माडीवर एक खोली भाड्याची. दीर अकोल्याचा. तो म्हणत होता, वहिनी, एकटं राहायचं काही कारण नाही, आमच्याकडे या. तिनंच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, सुई-दोरा हातात धरून, अगदी हळू आवाजात.

"ताई, दिरांकडे माणसं बारा. आणि स्वयंपाकाची बाई त्यांनी मागच्याच महिन्यात काढली."

"अस्सं. म्हणजे वहिनी पाहिजे का पोळ्या पाहिजे?"

ती हसली. पहिल्यांदा हसलेली मी तेव्हा पाहिली. मग म्हणाली, "ही नोकरी पक्की झाली तर खोली राहील माझी. नाहीतर पोरीला घेऊन तिकडेच."

तीन महिने पाहून मग पक्कं करू, असं तिला सांगितलं होतं. म्हणजे सगळं या तीन महिन्यांवर होतं.

आता माझ्या मनातलं सांगते. मला ती पहिल्यापासून जरा खुपत होती. चहा यायचा तेव्हा ती पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढायची. सगळ्यांच्या कपात नाही प्यायची. बोलायची गोड, ताई ताई करायची, पण पेला तिचा वेगळा. आपल्या घरच्या माणसांनी बाबासाहेबांच्या मागं जाऊन दीक्षा घेतली, तरी माझ्या आईला विहिरीवर दूर उभं राहावं लागायचं ते मी लहानपणी पाहिलेलं. तो पेला निघाला की मला ती विहीर दिसायची. मी तोंडानं काही बोलली नाही. पण मनात एक खिळा ठोकून ठेवला.

शिकवलं मात्र मनापासून. कामात मी कपट करत नाही. बाईला पहिले जड गेलं, कारण ती घरच्यासारखी भरायची. डब्यात चिवडा दाबून भरावा तसे गठ्ठे दाबून, एकावर एक. मी म्हटलं, "बाई, प्रवासाला नाही चालले ते. वाफेले जायला वाट ठेव." मग शिकली. गठ्ठे उभे, मध्ये बोटं जातील एवढी जागा. गॉज-कापूस भरायच्या पत्र्याच्या डब्याला, ड्रमला, बाजूनं भोकं असतात, ती आत घालताना उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. दोन आठवडे रोज सकाळी माझ्यासोबत उभी राहिली. मग सिस्टरनं ठरवलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळची पाळी बाईची एकटीची, आणि त्या दिवशी मी दुपारी यायचं.

पहिल्याच सोमवारी दुपारी पोचली तर बाई दारात उभी, तोंड उतरलेलं. "ताई, सगळे ओले निघाले."

मी हात लावून पाहिला. पिळले असते तर पाणी निघालं असतं. आतली पट्टी अर्धीच काळी. पहिलं ऑपरेशन दोन तास खोळंबलं होतं, मोठे डॉक्टर ओरडून गेले होते. मी सगळं उघडलं, नवीन कपड्यात बांधलं, त्याच मशीनमध्ये लावलं. खडखडीत कोरडं निघालं. मंगळवारी माझी पाळी, कोरडं. बुधवारी तिची, ओलं. गुरुवारी माझी, कोरडं. शुक्रवारी पुन्हा ओलं.

मग तूच सांग, कोणीही काय समजेल? मशीन एकच, पाणी एकच, वीज एकच. फरक तो बाईचा.

सिस्टरनं मला खोलीत बोलावलं. "दीदी, ये क्या कर रही है वो? तुम बताओ."

आणि इथं मी ते बोलली, जे मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, "सिस्टर, इनके घर में गीला कपड़ा ही शुद्ध मानते हैं. नहाके गीली साड़ी में पूजा-रसोई करते हैं. मेरे को लगता है वो कपड़ा गीला करके ही बांधती होगी."

पाहिलं होतं का मी? नाही. पण त्या घरांमध्ये सोवळ्याचं लुगडं उंच काठीवर वाळताना मी लहानपणापासून पाहिलं होतं, आणि तो पेला रोज पाहत होती. दोन्हीची गाठ मीच मनात मारली. "लगता है" म्हणाली मी, पण सिस्टरनं "है" ऐकलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "सोमवार को एक और मौका. फिर गीला निकला तो उसको जाने का."

सिस्टरनं बाईला सोमवारचं तेवढं सांगितलं. घरी जाताना बाईनं मला विचारलं, "ताई, मी काय चुकते, तुम्हाला दिसतं का काही?"

मी म्हटलं, "मले काय दिसणार, मी त्या वेळी घरी असते."

हे खोटं नव्हतं. पण बरंही नव्हतं. रविवारभर माझा जीव लागेना. माझं बोलणं खरं की खोटं ते मला पाहायचं होतं. खरं निघालं तर मनाला बरं वाटेल, असं वाटत होतं. माणसाचं मन असं असतं पाहा.

सोमवारी माझी पाळी नसताना मी सकाळी साडेसहालाच जाऊन उभी राहिली. बाईनं मला पाहिलं, जरा दचकली, मग म्हणाली, "बरं झालं ताई, आलात." मी स्टुलावर बसली आणि तिच्या हातावर नजर ठेवली. मांजर बसते ना तशी.

काय सांगू तुले! एक चूक नाही. हात कोपरापर्यंत धुतले. कपडे कपाटातून काढले, मी मुद्दाम हात लावून पाहिला, कोरडे ठणठणीत. गठ्ठे बांधले ते माझ्याहून सुबक. उभे लावले, मध्ये जागा ठेवली, ड्रमची भोकं उघडली. दार लावलं, चाक फिरवलं. एक थेंब पाणी कुठं शिंपडलं नाही की ओलं फडकं कुठं फिरवलं नाही. मी मनात शोधतच राहिली आणि मला काही सापडलं नाही.

वाफ चढली. दाबाचा काटा पंधरावर गेला, जसा जातो तसा. पण तापमानाचा काटा मागंच. एकशे एकवीसवर यायला पाहिजे, तो शंभराच्या थोडा वर रेंगाळून राहिला. मी उठून उभी राहिली.

"हे रोज असं होते?"

"तुमच्या वेळी नाही ना होत?" ती म्हणाली. "मला वाटलं सकाळचं मशीन थंड असतं, म्हणून होत असेल."

मिस्त्रीचं बोलणं माझ्या कानात वाजायला लागलं. दाब आहे पण तापमान नाही, म्हणजे आत हवा अडकली. हवा अडकली, म्हणजे खालची वाट बंद. पण जाळी तर मी शनिवारी संध्याकाळी स्वतः धुतली होती.

वेळ भरली, वाफ सोडली, दार उघडलं. सगळे गठ्ठे ओले, आणि तळाला पाणी साचलेलं. बाईनं त्या पाण्यात चिमटा घातला आणि जाळीवरून एक चार पदरी फडकं उचललं. पिळलं, झटकलं, आणि मशीनच्या गरम अंगावर वाळत घातलं. नीट, चारी कोपरे ओढून.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं फडकं, ताई."

माझंच होतं. जुन्या चादरीतून कापून मीच शिवलेलं. आपल्याकडे धूळ कशी येते तुले माहीत आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला की लोखंडाची काळी भुकटी खिडकी बंद असली तरी आत येते. आपण रायपूरची माणसं झाकल्याशिवाय काही ठेवतच नाही. तशी मी रोज संध्याकाळी जाळी धुतली की तिच्यावर ते फडकं घालून ठेवायची, भोकात भुकटी जाऊ नये म्हणून. सकाळी आली की माझा पहिला हात तिकडेच जायचा, फडकं उचलायचं, खिडकीतून झटकायचं, खिळ्याला लावायचं. कोणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. माझ्या हाताला ते येत होतं, तोंडाला येत नव्हतं. म्हणून दोन आठवडे शिकवताना मी सगळं सांगितलं आणि हे एक सांगितलं नाही. ती बांधाबांध शिकायला टेबलापाशी बसायची, तोपर्यंत माझं फडकं उचलून झालेलं असायचं.

"मग तू उचललं काहून नाही?" मी जवळजवळ ओरडली.

ती गोंधळली. "तुमच्या हातचं ठेवलेलं मी कसं उचलू, ताई? आमच्याकडे मोठ्यांनी मांडलेलं कोणी हलवत नाही. मला वाटलं ते मशीनचंच आहे, तसंच लागत असेल. ओलं व्हायचं म्हणून मी वाळवून परत होतं तिथंच ठेवत होते, अगदी तसंच."

आणि दुपारी मी येऊन, बोलता बोलता, न पाहता ते उचलून खिळ्याला लावत होती. मग माझे गठ्ठे कोरडेच निघणार ना!

मी ज्या सोवळ्याला नावं ठेवत होती, त्याच सोवळ्यानं तिनं माझा मान ठेवला होता. आणि मी तिची नोकरी घालवून बसली होती.

बाहेर सिस्टरच्या बुटांचा आवाज आला. खोटं नाही सांगत, त्या चार पावलांत माझ्या मनात आलं, गप्प बसावं. उद्यापासून फडकं ठेवायचं नाही. गठ्ठे कोरडे निघतील, सिस्टरला सांगू की बाई सुधारली. कोणाला काय कळणार आहे? बाईलाही अजून नीट उमगलं नव्हतं.

पण सिस्टरनं आत येऊन गठ्ठ्याला हात लावला आणि एकच शब्द बोलली, "बस." मग बाईकडे पाहून, "ऑफिस में जाके हिसाब कर लो."

बाईनं टोपी काढली. खुंटीवरची पिशवी घेतली. आतला पेला वाजला.

मी म्हटलं, "सिस्टर, रुको. गलती मेरी है."

फडकं उचलून दाखवलं. सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते ओल्या कपड्याचं मी मनानंच बोलली होती, पाहिलं नव्हतं. ते बोलताना बाई माझ्याकडे पाहून राहिली होती. तिला त्याच वेळी कळलं की तिच्याबद्दल असं काही बोललं गेलं होतं. फडक्याची कबुली देणं सोपं होतं पोट्टे, ती नजर झेलणं जड गेलं.

सिस्टरनं माझ्या हातातलं फडकं घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाली, "इतने साल से तुम ऐसा रखती है?"

"हव."

"और एक दिन निकालना भूल जाती तो?"

कधी विसरली नव्हती एवढंच.

तिनं ते फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझ्या कमरेची चाबी मागितली, मशीनच्या खोलीची, बाई तोवर ऑफिसातली मागून न्यायची, आणि बाईच्या हातात दिली. "आज से सुबह ये खोलेगी, और दीदी का काम ये देखेगी. और सब लिखो. जो हाथ करता है, वो सब दीवार पर लिखो." आणि गेली. मला ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोघीच राहिलो. ओले गठ्ठे समोर. बाईनं पिशवी परत खुंटीला अडकवली, टोपी घातली. मग गठ्ठे सोडायला लागली.

"ताई, तुम्ही मला विचारलं असतं तर," एवढंच म्हणाली.

"हो ना."

"मी सांगितलं असतं. ओलं लुगडं मी लग्नानंतर कधी नेसलेच नाही. मला लगेच सर्दी होते."

मला हसूही आलं आणि रडूही. ती मात्र हसली नाही. पुढं चार-पाच दिवस कामापुरतंच बोलली, आणि ते बरोबरच होतं. मग एके दिवशी भिंतीवरचा कागद लिहिता लिहिता ती म्हणाली, "ताई, तुमचं अक्षर कोंबडीचे पाय आहेत, द्या इकडे." तेव्हा मला कळलं की आता ठीक होईल. मी सांगायची आणि ती लिहायची. सकाळी आल्यावर पहिला हात कुठं जातो, दार लावण्याआधी कुठं वाकून पाहायचं, सगळं. तुले खरं वाटणार नाही, पण मी काय काय करते ते मलाच त्या कागदावर पहिल्यांदा कळलं.

तीन महिन्यांनी ती पक्की झाली. पुढं मशीनची खोली तिनंच सांभाळली, मी रिटायर होईपर्यंत तिच्या हाताखाली. चाबी मला परत मिळाली नाही आणि मीही मागितली नाही. पेला तिचा वेगळाच राहिला. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण चहा आला की ती पहिले माझ्या कपात ओतायची, मग आपल्या पेल्यात. एवढं मात्र झालं.

अकोल्याला ती कधी गेली नाही. त्याच खोलीत पोरीला शिकवलं, तिथूनच तिचं लग्न लावलं. आता पोरगी म्हणते, आई, एकटी काहून राहते, आमच्याकडे दुर्गला ये. ती म्हणते, येते, पण भाडं मी भरत राहीन, खोली सोडणार नाही. आता गुडघे गेले तिचे, जिना उतरवत नाही. मी रिक्षा करून जाते महिन्यातून एकदा. खाली उभी राहून हाक मारते, मग ती वरून दोरीनं खालच्या दाराची चाबी सोडते.

परवा मला म्हणाली, मागच्या खेपेला नात आली होती म्हणे तुमची, आणली नाही. मी काय सांगणार? तुले दोन दिवसांच्या वर सुट्टी नसते. उद्या जा, मी अडवत नाही. पण पुढच्या महिन्यात दोन-तीन दिवस काढून ये. बूढ़ापाऱ्यात जाऊ दोघी. तू हिंदीतच बोल, चालते तिला. तिच्यासमोर मात्र बर्तन उबालती थीं म्हणू नको, माझ्यापेक्षा जास्त ती रागावेल. लवकर ये, बरं का.